वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या जोडप्याला दत्तक घेताना मुलासाठी स्वतंत्र बेडरूम दाखवावी लागते का?

नाही, भारतात राहून देशांतर्गत दत्तक घेणाऱ्यांसाठी मुलाची स्वतंत्र बेडरूम ही पात्रतेची अट नाही. 'कारा'च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) दत्तक नियमावली, २०२२ मध्ये पालकांचे वय, आरोग्य, आर्थिक क्षमता आणि जोडप्याच्या बाबतीत किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन यांविषयी निकष आहेत. खोल्यांची संख्या किंवा घराचे क्षेत्रफळ त्यांत सांगितलेले नाही. होम स्टडीसाठी, म्हणजे दत्तक घेऊ पाहणाऱ्यांच्या घराच्या व कुटुंबाच्या पाहणीसाठी, येणारे समाजसेवक घर पाहतात, हे खरे. त्यामुळे मूल कोठे झोपेल, घरात आणखी कोण राहते, खिडक्या व गॅलरीला जाळी आहे का, अशा प्रश्नांची सरळ उत्तरे तुमच्याकडे असावीत, आणि सुरुवातीला मूल तुमच्याच खोलीत झोपणार असेल तर तसे निःसंकोच सांगावे, कारण लहान मुलाच्या बाबतीत आपल्याकडे ते स्वाभाविकच मानले जाते. (भेटीपुरती खोली सजवण्याचा खर्च मला तरी अनाठायी वाटतो.) मात्र तुम्ही परदेशात राहत असाल तर होम स्टडी तेथील अधिकृत संस्था करते आणि तेथील नियमही लागू होतात, अमेरिकेतील अनेक राज्यांत मुलाने कोणाबरोबर खोली वापरावी यावर बंधने असल्याने तेथे आधी त्या संस्थेकडे चौकशी करावी.