बेळगावहून सत्तरीच्या आई-बाबांना सिंगापूर क्रूझला नेताना कोणता प्रवास विमा घ्यावा?

आई-बाबा सत्तरीचे आहेत म्हणता, तर हप्ता किती हे नंतर बघा. आजारी माणसाला जहाजावरून किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च पॉलिसीत धरलाय का, ते आधी वाचा. भर समुद्रात हेलिकॉप्टर लागलं तर बिल लाखोंत जातं. जहाजावरच्या डॉक्टरची फीसुद्धा तिकिटात नसते. बाबांचा बीपी, शुगर फॉर्मवर लपवू नका हो, दावा तिथंच अडकतो.

जहाज कुणासाठी थांबत नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरचं विमान रद्द झालं तर पुढचं सगळंच कोलमडतं. त्यासाठी 'मिस्ड कनेक्शन'चं, म्हणजे पुढचं विमान किंवा जहाज चुकलं तर भरपाई देणारं कलम तपासा, तरीही एक दिवस आधीच सिंगापूर गाठा. जहाज मलेशिया, थायलंडला लागणार असेल तर ते देशही पॉलिसीत लिहून घ्या.