भारताची सर्वात जुनी पोस्टाची तिकिटे कोणती आणि संग्राहक त्यांच्यासाठी एवढे वेडे का असतात?

सर्वात जुने म्हणजे 'सिंध डाक'. 1 जुलै 1852. नुसत्या भारतातले नव्हे, आशियातलेही हे पहिले तिकीट. कराचीला सिंधचे कमिशनर असलेल्या बार्टल फ्रियर यांनी ते काढले. हेच फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच काळात फोर्टचा तट पाडला गेला.

तिकीट गोल. कडेने पट्टा आणि त्यावर इंग्रजीत 'सिंध डिस्ट्रिक्ट डाक', मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे हृदयाच्या आकाराचे चिन्ह, किंमत अर्धा आणा. आधी ते लाखेसारख्या लाल चकतीवर उठवले. ती इतकी ठिसूळ, की हाताळताना तडकायची. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव आला, पण दिव्याच्या उजेडात तो दिसेना. म्हणून निळा रंग. 1854 मध्ये साऱ्या भारतासाठी तिकिटे निघाली आणि ही बंद झाली. लाल तिकिटे त्यांच्या ठिसूळपणामुळेच फार थोडी उरली, म्हणून त्यांची किंमत डोळे फिरवणारी.

पण माझा जीव 1854 च्या तिकिटांवर आहे. कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, जिथे नकाशे छापत, तिथे कॅप्टन थुइलियर यांनी ती दगडावरून छापून घेतली. त्याच वर्षी अंतरावरून टपालाचा दर ठरवायचा हिशेब गेला आणि पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठेही जाऊ लागले. चार आण्याचे तिकीट दोन रंगांत आहे: लाल अष्टकोनी चौकट, आत व्हिक्टोरिया राणीचे निळे डोके. दोन्ही रंग वेगवेगळे छापल्याने डोके कधी जरा डावीकडे, कधी वर. काही ठिकाणी ते चक्क उलटे छापले गेले, आणि ती मोजकी तिकिटे जगातल्या सर्वात प्रसिद्ध चुकांत गणली जातात. एकाच किमतीची दोन तिकिटे शेजारी ठेवून भिंगाखाली बघा, फरक सापडतोच. मला तासन्‌तास तेच बघायला आवडते.

तेव्हा तिकिटांना भोकांच्या रांगा नव्हत्या, कात्रीने कापावी लागत. लोकांनी चार आण्याची तिकिटे हौसेने अष्टकोनाच्या कडेने कापली. आज चारही बाजूंना मोकळी जागा राखून चौकोनी कापलेले तिकीट त्याच्या कितीतरी पट भाव खाते. नवख्या संग्राहकाला आधी हेच शिकावे लागते.

सिंध डाकची बनावट तिकिटे फार फिरतात, तेव्हा तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे देऊ नका. सुरुवात 1854 च्या अर्ध्या आण्याच्या निळ्या तिकिटाने करा, ते त्यातल्या त्यात आवाक्यात येते. आणि घरात जुन्या पत्रांचे गाठोडे निघाले, तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. पत्ता आणि शिक्क्यासकट अख्खे पाकीट तसेच राहू द्या. ते कुठून कुठे गेले, हे त्या शिक्क्यांवरूनच कळते.