गरम टू-स्ट्रोक आउटबोर्ड पुन्हा सुरू होत नाही?

होडीचं हे इंजिन थंड असताना लगेच सुरू होतं, पण थोडं थांबून पुन्हा ओढलं की नाही, तर कार्ब्युरेटर उघडायची घाई नको. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, बघा. तो बंद असला की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही. मग नळीवरचा रबरी फुगा दाबा. कडक होत नसेल तर जोडातून हवा शिरतेय किंवा फुग्यातला वाल्व्ह गेलाय.

गरम इंजिनाला चोक देऊ नका, नवख्यांचं नव्वद टक्के इथेच चुकतं असं माझं मत. प्लग ओला निघाला तर पुसून परत बसवा, गिअर न्यूट्रलमध्ये, चोक बंद, थ्रॉटल जास्त उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढा.

प्लग कोरडा, फुगाही कडक? मग गरम असतानाच, पेट्रोलच्या वाफा गेल्यावर, ठिणगी तपासा. थंडपणी निळी आणि गरमपणी गायब, तर बहुधा इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) गेलीय.