हॅचबॅकच्या डिक्कीवर रॅक लावून दोन सायकली नागपूरहून रामटेकला नेता येतील का?

खुशाल न्या. फक्त डिक्कीला स्पॉयलर असेल तर पट्ट्यांचा भार त्या प्लास्टिकवर येत नाही ना, ते आधी बघा. वरचे हूक पत्र्याच्या कडेलाच अडकवायचे, काचेला कधीच नाही. रॅक टेकतो तिथला पत्रा आधी ओल्या फडक्याने पुसा. फोमखाली अडकलेली धूळच रंग घासून काढते.

जड सायकल गाडीकडे, हलकी बाहेर, तोंडं उलटसुलट. आतल्या सायकलचं काचेकडचं पेडल काढूनच ठेवा, आणि लक्षात असू द्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पुढचं चाक आणि हँडल फ्रेमला घट्ट बांधा, नाहीतर हँडल वळून काचेवर आपटतं. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर नको, रबर भाजतं.

कामठीला उतरून पट्टे पुन्हा ओढा. सुरुवातीच्या धक्क्यांनी ते सैल होतातच.

नंबर प्लेट किंवा मागचे दिवे झाकले जात असतील तर मात्र तसं निघूच नका. ते नियमात बसत नाही, आणि हायवेवर मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक लाइट दिसला नाही तर जिवावर बेतेल. अशा गाडीला छतावरचा रॅकच बरा.