पोरगा गोव्यावरनं ताप घेऊन आला, गोळ्या फुकट मिळाल्या, मग हे पैसे भरतंय कोण?

प्रश्न: ताई नमस्कार. माझा धाकटा गोव्यात बांधकामावर असतो, गणपतीला घरी आला तो थंडीताप घेऊनच. आशाताईनं बोटातनं रक्त घेतलं, व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला, पीएचसीतनं (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातनं) गोळ्या मिळाल्या, एक रुपया लागला नाही. हा खर्च कोण करतं? आणि औषध एवढं स्वस्त असेल तर आफ्रिकेत इतकी माणसं का मरतात?
एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: दादा, आधी सांगा, पोरानं गोळ्या पुऱ्या केल्या का? व्हायवॅक्सला क्लोरोक्वीन 3 दिवस आणि प्रायमाक्वीन 14 दिवस असते. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, मुकादमाचा फोन येतो, पोरगा बॅग भरून गोव्याची बस धरतो आणि उरलेल्या गोळ्या घरात फळीवर राहतात. याचे जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात, त्यांना मारायलाच ते 14 दिवस असतात, अर्धवट सोडलं तर काही महिन्यांनी तोच ताप परत. आता बघा, रक्त तपासलं कर्नाटकानं, गोळ्या दिल्या कर्नाटकानं, पण सहाव्या दिवसाची गोळी गोव्यातल्या साइटवर त्याला कोण विचारणार? पैसा आहे, औषध आहे, आणि गाडी अडते ती इथं. कर्नाटक-गोवा हद्दीवरच्या चोर्ला घाटाच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडच्या आरोग्य खात्यांनी अशा पेशंटची नावं एकमेकांना कळवायलाच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. तोवर पोराला कागद आणि गोळ्या बरोबर द्या, आणि रोज रात्री फोन करून विचारा.

आता खर्चाचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा आपल्यासारख्या राज्यात केंद्र 60 आणि राज्य 40 असा येतो, म्हणजे तुम्ही दुकानात साबण घेतला तरी त्यात तुमचा वाटा आहेच. आशाताईला रक्ताच्या एका नमुन्यामागं 15 रुपये ठरलेत. पंधरा रुपयांत ती वाडीवर चालत जाते, रक्त घेते, रजिस्टर भरते, हे मला तरी फार कमी वाटतं.

आफ्रिकेत हाच हिशोब उलटा पडतो. 2023 मध्ये जगात मलेरियाच्या अंदाजे 26 कोटी 30 लाख केसेस आणि 5 लाख 97 हजार मृत्यू झाले, त्यातले 95 टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृत्यूंत तीन पाच वर्षांखालची लेकरं. त्या वर्षी जगभरात मलेरियाच्या कामाला 8.3 अब्ज डॉलर पाहिजे होते, जमले 4 अब्ज. त्यातले तिसऱ्या हिश्शाच्या आसपास त्या त्या देशांचे स्वतःचे, बाकी बाहेरनं, म्हणजे 2002 पासून चाललेला ग्लोबल फंड (एड्स, टीबी, मलेरियासाठी देशोदेशीचा पैसा गोळा करणारी संस्था), अमेरिका वगैरे. 2001 ला नायजेरियातल्या आबुजात आफ्रिकी देशांनी बजेटचे 15 टक्के आरोग्याला देऊ म्हणून शब्द दिला होता, बहुतेकांना तो पाळता आला नाही. आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा कुठं मच्छरदाण्यांचं वाटप अडलं, कुठं गावोगावच्या आरोग्य सेवकांचे पैसे अडले. देणारे लोक औषध, मच्छरदाणी आनंदानं देतात कारण ती मोजता येते, फोटो निघतो. पण लॅब टेक्निशियनचा पगार आणि गोळ्या खेड्यात पोचवणाऱ्या मोटरसायकलचं पेट्रोल द्यायला कोणी पुढं येत नाही, मग गोळ्या जिल्ह्याच्या गोडाऊनात आणि लेकरू गावात तापानं फणफणतंय. थोडे पैसे लावले तर लोक वस्तू नीट वापरतील असंही काहीजण म्हणायचे, पण केनियात गरोदर बायकांवर हे करून बघितलं, फुकटच्या मच्छरदाणीला जेमतेम 60 सेंट लावले तर घेणाऱ्या एकदम 60 टक्क्यांनी घटल्या.

प्रश्न: आमच्याकडं आता मलेरिया ऐकूच येत नाही. मग फवारणी, रक्त तपासणी यावर खर्च कशाला, तोच पैसा डेंगीला द्या की.
एक वाचक, निपाणी

उत्तर: असंच म्हणून आपला देश एकदा फसलाय. 1953 ला मलेरियाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, साठच्या दशकात केसेस वर्षाला लाखभरावर आल्या. मग लक्ष गेलं, पैसा आटला, फवारणीच्या डीडीटीला डासही दाद देईनात, आणि 1976 ला 64 लाख केसेस. श्रीलंकेत तर 1963 ला फक्त 17 केसेस होत्या, काम ढिलं पडलं आणि पाच-सहा वर्षांत लाखांवर गेल्या. त्यांनी पुन्हा कंबर कसली तेव्हा कुठं 2016 ला मलेरियामुक्त म्हणून शिक्का मिळाला. 2012 मध्ये एका अभ्यासात मलेरिया परत उसळल्याच्या 75 घटना तपासल्या, त्यातल्या 68 मध्ये कार्यक्रम कमजोर पडणं हे कारण होतं. केस कमी असतानाच तपासणी चालू ठेवावी लागते, कारण खानापूरच्या दादांच्या पोरासारखा एक पेशंट गावात यायला आणि मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डास त्याला चावायला किती वेळ लागतो. डेंगीला पैसा द्याच, पण तो इथनं काढून नको.

प्रश्न: पुण्यात मलेरियाची लस बनते म्हणे, मग आपल्या पोरांना का नाही?
एक वाचक, चिकोडी

उत्तर: बनते, ऑक्सफर्डनं शोधलेली आर-21, पुण्याच्या सीरममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 ला शिफारस केली आणि जुलै 2024 पासून आयव्हरी कोस्टमध्ये टोचायला सुरुवात झाली. ती फाल्सिपेरम या जातीसाठी आहे, जी आफ्रिकेत लहान लेकरांचा जीव घेते. खानापूरच्या दादांच्या पोराला झाला त्या व्हायवॅक्सवर ती चालत नाही. डोसची किंमत 4 डॉलरच्या आत, पण डोस 4 लागतात, तीन महिन्या-महिन्यानं आणि चौथा वर्षभरानं. त्या चौथ्या डोसला आईला परत बोलवून आणणारी नर्स कोणाच्या पगारावर, हे तिथल्या सरकारांना आत्ताच ठरवावं लागणार आहे.