रेडिएटर बदलल्यापासून तापमानाचा काटा वर-खाली होतोय आणि हीटर थंड वारा फेकतोय. अडकलेली हवा कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की नवा रेडिएटर स्वतः बसवला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) काठोकाठ भरलं, तरी दहा-पंधरा मिनिटांत काटा चढतो, मध्येच झपकन खाली येतो, डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येते आणि हीटरमधून थंड वारा. हे सगळं एकत्र असेल तर गाडीने एअर धरलीय, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा अडकलीय. रेडिएटर परत उघडायच्या फंदात पडू नका, आणि हवा निघेपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

काठोकाठ भरूनही हवा राहते, कारण रेडिएटरचं तोंड ही सिस्टिममधली सर्वांत उंच जागा असेलच असं नाही. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे असतो, त्याचे होज (रबरी नळ्या) बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या झाकणाच्या बरोबरीने किंवा त्याहून वर जातात. जुना रेडिएटर काढताना खालचा होज सोडला की वरच्या या भागातलंही पाणी उतरतं आणि तिथे हवा जाऊन बसते. नंतर वरून कितीही ओता, तिला वाटच नसते.

काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली, असं मात्र समजू नका. मी हे स्वतः भोगलंय. पहिल्यांदा रेडिएटर बदलला तेव्हा काटा अर्ध्यावर शांत उभा होता आणि मी निवांत गाडी चालवत होतो. बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली तेव्हा थांबलो. जादा कूलंट जमा होतं त्या बाटलीत ते उकळत होतं, काटा तरी अर्ध्यावरच! काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, भोवती हवा असेल तर त्याला बिचाऱ्याला काही कळतच नाही. थर्मोस्टॅटचंही, म्हणजे रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचंही, तेच. त्याच्यातलं मेण गरम पाण्याने वितळून फुगतं तेव्हा तो उघडतो, हवेच्या फुग्यात असेल तर उशिरा उघडतो. त्या दिवशी हीटर मात्र मघापासून थंड वारा देत होता, मीच लक्ष दिलं नाही. तेव्हापासून कूलिंगचं काही काम केलं की मी काट्याआधी हीटरसमोर हात धरतो.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. कोमट आहे, चालेल, असं करू नका. गरम सिस्टिममध्ये साधारण 1 बार जादा दाब असतो, त्या दाबाला साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि ते पाणी जागच्या जागी वाफ होऊन तोंडावर येतं.

गाडीचं नाक वर करा. चढावर लावा किंवा पुढची चाकं रॅम्पवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. हेतू एवढाच, की झाकण सर्वांत उंच यावं. हवा आपणहून वरच येते, तिला फक्त वर जायला जागा आणि वेळ द्यायचा. इग्निशन चालू करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर सर्वांत हळू ठेवा. काही गाड्यांत हीटरच्या लाईनमध्ये व्हॉल्व्ह असतो, तो यामुळे उघडतो.

मग ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, शोधा. तो बहुधा थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हीटरच्या होजवर असतो, पितळी किंवा प्लास्टिकचा. प्लास्टिकचा असेल तर हलक्या हाताने, जुना झाला की तो डोक्यातच तुटतो. सगळ्याच गाड्यांना असतो असं नाही, नसेल तर पुढे जा. असेल तर दोन-तीन आटे सोडा आणि झाकणातून अगदी संथ धारेने कूलंट ओता. आधी फुसफुस हवा येईल, मग फेस, मग थुंकल्यासारखं थोडं कूलंट आणि परत हवा. बिनबुडबुड्याची अखंड धार लागली की स्क्रू बंद. दोन स्क्रू असतील तर खालचा आधी बंद करायचा.

रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसणारं उंच फनेल मिळालं तर जरूर घ्या. त्यात चार बोटं कूलंट ठेवलं की पातळी सगळ्या सिस्टिमच्या वर राहते, शिवाय बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. आता वरचा जाड होज मुठीत धरून सावकाश दाबा आणि सोडा. फनेलमध्ये गुळुक करून मोठा बुडबुडा फुटेल आणि पातळी बोटभर उतरेल. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मला विचाराल तर अर्धी हवा इथेच, इंजिन चालू न करता निघते, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

मग इंजिन चालू करून आयडलवर सोडा. वरचा होज बराच वेळ थंड राहील, घाबरू नका. पाणी साधारण 80 ते 90 अंशांवर गेलं की थर्मोस्टॅट उघडतो, होज एकदम तापतो आणि फनेलमधली पातळी घटकन उतरते. लगेच भरा. त्यानंतर अर्धा मिनिट 2000 ते 2500 आरपीएमवर रेस द्या. रेस दिल्यावर पातळी खाली जाते आणि सोडली की उसळून वर येते, म्हणून त्या वेळी फनेलवर वाकून बघू नका. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला, हीटरचा वारा चटका बसेल इतका गरम आला आणि बुडबुडे थांबले, की इंजिन बंद. अर्धा तास सहज जातो. मध्येच फनेलमध्ये कूलंट उकळायला लागलं तर मात्र वाट न पाहता बंद करा. बोटं फॅनपासून लांब ठेवा, काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरतो.

तुमच्या गाडीच्या रेडिएटरला झाकणच नसेल आणि ते प्लास्टिकच्या टाकीवर असेल, तर हेच सगळं टाकीचं झाकण उघडून करायचं. अशा टाकीत वरच्या बाजूला एक बारीक नळी येते. इंजिन चालू असताना तिच्यातून धार पडताना दिसली की समजा हवा परतीच्या वाटेवर आहे. पंप विजेवर चालणाऱ्या काही गाड्यांत हवा काढायची वेगळी पद्धत असते, ती गाडीच्या पुस्तकात बघा.

गाडी थंड झाल्यावर झाकण लावा, बाटलीत कूलंट मिन आणि मॅक्सच्या मध्ये ठेवा. जवळपास एक चक्कर मारा, रात्रभर थांबा आणि सकाळी झाकण उघडून पुन्हा भरा. उरलीसुरली हवा दोन-तीन वेळा तापून-थंड होताना निघते. गरम झाल्यावर फुगलेलं कूलंट हवेसकट बाटलीत जातं आणि थंड होताना झाकणातला छोटा व्हॉल्व्ह बाटलीतून फक्त कूलंट परत ओढतो, अर्थात नळीचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तर. नव्या रेडिएटरवर जुनंच झाकण बसवलंय का? त्याचं रबर कडक झालं असेल तर ते नवं घ्या. इथे कंजुषी करणारे रोज सकाळी पातळी भरत बसतात.

जुनं कूलंट बादलीत असेल तर मोजा. 4 लिटर निघालं आणि अडीचच आत गेलं असेल तर दीड लिटर हवा अजून आत आहे, याहून सोपा हिशोब नाही. ती बादली उघडी ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. नवं भरताना फक्त रंग बघून मिसळू नका, रंगाला काही सर्वमान्य नियम नाही, पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा. तयार मिश्रण नसेल तर पाणी डिस्टिल्ड वापरा.

गॅरेजमध्ये व्हॅक्यूमने भरायचं यंत्र असतं. ते आधी सगळी हवा ओढून घेतं, होज चपटे होतात, तो व्हॅक्यूम काही मिनिटं टिकला तर गळती नाही हेही कळतं, आणि मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं. ज्या गाड्यांची हवा काही केल्या निघत नाही त्यांच्यासाठी हाच उपाय बरा.

एक शंका मात्र तपासा. हे सगळं दोन-तीनदा करूनही बुडबुडे थांबत नसतील, किंवा थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर ती अडकलेली हवा नाही. हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. त्याची चाचणी सोपी आहे, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, जळलेला गॅस असेल तर द्रव पिवळा पडतो. तुमच्या गाडीचा काटा चढतोय म्हणून विचारतो, जुना रेडिएटर बदलला कशामुळे होता, गळत होता की तेव्हाही गाडी तापतच होती? ते कळवा, आणि उद्या सकाळी थंड गाडीचं झाकण उघडल्यावर पातळी किती उतरली होती तेही.