टीव्हीवरचं दृश्य खटकलं, तर तक्रार कुणाकडे?

प्रश्न : संध्याकाळच्या मालिकेत मुलांसमोर पाहवणार नाही असं दृश्य दाखवलं. सेन्सॉर बोर्डाला पत्र धाडलं, पण उत्तर नाही. (सातारा)

उत्तर : पत्र भलत्याच दारी गेलं. सेन्सॉर बोर्ड सिनेमे तपासतं. मालिका प्रसारणाआधी त्यांच्याकडे जातच नाहीत. मालिकांना लागू होते ती १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याची कार्यक्रमसंहिता. तिच्या नियम ६ मध्ये अश्लीलतेला आणि अभिरुची-सभ्यतेला बाधा आणणाऱ्या मजकुराला मनाई आहे. शब्द फारच सैल, त्यामुळे ‘संस्कृती बुडाली’ असं लिहून काही हाती लागत नाही. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, मिनिटासह वेळ आणि पडद्यावर नेमकं काय दिसलं, एवढं लिहा.

जून २०२१ पासून पहिली तक्रार थेट वाहिनीकडे लेखी करायची. तिने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायला हवा. तो आला नाही किंवा पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची (म्हणजे वाहिन्यांनीच मिळून स्थापलेल्या संस्थेची) सभासद असेल तिथे अपील करा. तिला ६० दिवसांची मुदत असते. त्यानंतर १५ दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जाता येतं. पोच जपून ठेवा. पुढच्या मुदती तिच्यावरूनच मोजता येतात. वाहिनीने प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवायचं असतं, म्हणून रेंगाळू नका. आणि वाहिनीच्या ॲपवरची क्लिप पुरावा म्हणून जोडू नका. ॲपला २०२१ चे वेगळे आयटी नियम लागतात, शिवाय तिथला भाग टीव्हीवरच्यासारखाच कापलेला असेल असं नाही.

प्रश्न : ‘ए’ प्रमाणपत्राचे सिनेमे रात्री अकरानंतर टीव्हीवर चालतात का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे प्रकरण चांगलंच लावून धरलं होतं. असा सिनेमा कापून, बोर्डाकडून टीव्हीसाठी नव्याने प्रमाणित करून घ्यावा लागतो. रात्री ११ ते पहाटे ५ ही ‘मोठ्यांची वेळ’ मनोरंजन वाहिन्यांनी स्वतःच आखलेली आहे. तिच्या आडून ‘ए’ सिनेमा दाखवता येत नाही.

प्रश्न : कंडोमच्या जाहिराती दिवसा बंद आहेत ना? (पणजी)

उत्तर : सरसकट नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये मंत्रालयाने सकाळी ६ ते रात्री १० त्या दाखवू नका असं कळवलं आणि एकच गदारोळ उठला. मग त्याच महिन्यात खुलासा आला : बंधन फक्त चाळवणाऱ्या जाहिरातींना, सुरक्षित संबंधांची माहिती देणाऱ्यांना नाही.